माफी मागायला आलेली माणसं

मिसेस ट्रिंबल यांनी मला फ्रॉकमध्ये पाहिलं आणि त्या दारातच थबकल्या. त्यांच्या हातात पीचच्या मुरंब्याची बरणी होती. ती त्यांनी कठड्यावर ठेवली, मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "जमुना, तुझी साडी कुठे गेली?" यमुना हे नाव त्यांच्या तोंडी कधी बसलंच नाही.

मी म्हटलं, साडी धुवायला टाकलीय, आणि हा फ्रॉक मेश्रामांनी काल गावातल्या दुकानातून आणलाय. खरं तर सकाळपासून मी तो घालून पुनःपुन्हा आरशासमोर जात होते. पवनीच्या शाळेत मास्तरीण होते तेव्हा गुडघ्याखाली उघडे पाय घेऊन मी चारचौघांत जाईन असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"दुकानात जायचंय ना आपल्याला?" त्या म्हणाल्या. "मग साडी नेस. मी थांबते."

"हा चांगला दिसत नाही का?"

"दिसतो ग. पण साडीत तू राणीसारखी दिसतेस. लोकांना तुला साडीत बघायला आवडतं."

एवढं बोलून त्या आत येऊन खुर्चीत बसल्या. मी साडी नेसून आले तेव्हा त्यांनी समाधानानं माझ्या गालाला हात लावला. मला आईची आठवण आली. पुढची तीन वर्षं मी घराबाहेर पडताना साडीच नेसले. बर्फातसुद्धा नेसले, आतून लोकरीचे पायमोजे चढवून.

लिंडन फॉल्स हे इंडियाना राज्यातलं काचेच्या कारखान्याचं गाव. दुधाच्या, लोणच्याच्या, सोड्याच्या बाटल्या तिथे होत. मेश्राम, म्हणजे माझे यजमान दौलत मेश्राम, त्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. नागपूरला शिकले, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आले आणि चौसष्ट साली त्यांना ही नोकरी लागली. पाठोपाठ मी गेले. आम्ही भाड्यानं राहत होतो ते घर ट्रिंबल कुटुंबाचं, त्यांच्या घराला लागूनच. ऑर्व्हिल ट्रिंबल यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि गावच्या कौन्सिलचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या बायकोनं, हेझल ट्रिंबलनं, मला गाडी चालवायला शिकवलं, सफरचंदाचं सारण भरून भट्टीत भाजायचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ शिकवला, पहिल्या हिवाळ्यात मला खोकला झाला तेव्हा रोज सूप आणून दिलं. त्या बाईच्या मायेत खोट होती असं मी आजही म्हणणार नाही.

त्या गावात आमच्याखेरीज सगळे गोरे होते. मला त्याचं फार आश्चर्य वाटलं नाही, कारण मला अमेरिका कशी असते हेच ठाऊक नव्हतं. मला आश्चर्य वाटे ते वेगळ्याच गोष्टीचं. गावातली माणसं आपल्या पेल्यातलं पाणी मला देत, आपल्या ओट्याशी मला उभी करत. आमच्या पवनीत माझी आई विहिरीपासून दूर घागर घेऊन उभी राही, कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत. कधीकधी ऊन डोक्यावर येई तरी कुणी ओतत नसे. छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध झालो, पण विहीर होती तिथेच राहिली. लिंडन फॉल्समध्ये मेश्राम या नावाचा अर्थ कुणालाच लागत नव्हता. पहिलं वर्षभर मी रोज रात्री अंथरुणावर पडले की मला एकदम हलकं वाटे.

सदुसष्टच्या वसंतात क्लिफर्ड गॅस्किन्स कारखान्यात आला. कंपनीनं त्याला इंडियानापोलिसच्या कारखान्यातून बढती देऊन पाठवलं होतं, भट्टीवरच्या पाळीचा मुख्य म्हणून. तो काळा होता. कंपनीचा एक बंगला टेकडीवर रिकामा होता, तो त्याला मिळाला, आणि आठवड्याभरात त्याची बायको लॉरेन सामान घेऊन आली.

मेश्राम संध्याकाळी घरी आले. जेवताना म्हणाले, भट्टीवरचे निम्मे लोक आज कामाला हात लावत नव्हते, नुसते उभे होते. मग क्लिफर्डनं स्वतः फावडं घेतलं. "चांगला माणूस आहे," ते म्हणाले. "काच त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते."

मी करंज्या केल्या आणि डबा घेऊन टेकडीवर गेले. लॉरेननं दार उघडलं ते आधी साखळीपुरतंच. माझ्याकडे, साडीकडे, डब्याकडे पाहिलं आणि मग साखळी काढली. ती माझ्याच वयाची होती, तिशीच्या आतबाहेरची, उंच, आवाज खालचा. शाळेत संगीत शिकवायची. इथल्या शाळेत जागा आहे असं कंपनीनं सांगितलं होतं, पण ती चौकशीला गेली तोवर ती जागा भरलेली होती.

मी वरचेवर जाऊ लागले. तिची मला सवय झाली. मराठी सोडून दुसऱ्या कुठल्या भाषेत मी इतकं कुणाशी बोलले नव्हते. जूनमध्ये कधीतरी, आम्ही दोघी घेवड्याच्या शेंगा निवडत बसलो होतो, तेव्हा तिनं विचारलं, तू रोज हेच नेसतेस का, इतक्या उकाड्यात? मी तिला मिसेस ट्रिंबल आणि फ्रॉकची गोष्ट सांगितली, हसत हसत. ती हसली नाही. हातातली शेंग तिनं बाजूला ठेवली.

"यमुना, त्यांनी तुला साडी का नेसायला लावली, तुला खरंच कळलं नाही?"

"आवडते म्हणून."

"तू फ्रॉकमध्ये रस्त्यानं गेलीस तर लांबून तू माझ्यासारखी दिसशील. साडीत नाही दिसणार." ती पुन्हा शेंगा निवडायला लागली. "मला संध्याकाळी दूध आणता येणार असेल तर मीसुद्धा एक नेसायला तयार आहे. देशील?"

मग तिनं मला सगळं सांगितलं. गावाबाहेर पुलाजवळ पूर्वी एक पाटी होती. काळ्या माणसानं सूर्य मावळायच्या आत गाव सोडावं, असं त्या पाटीवर लिहिलेलं होतं, आणि तेही शिवी घालून. क्लिफर्डचे वडील ट्रक चालवत, त्यांनी ती पाहिली होती. चार-पाच वर्षांपूर्वी मोठ्या रस्त्याचं काम निघालं तेव्हा पाटी काढली. नियम मात्र राहिला. कारखान्यात झाडलोट करायला शेजारच्या शहरातून काळी माणसं येत आणि पाच वाजता बसमध्ये बसून परत जात, ती मी तीन वर्षं पाहत होते. मला वाटायचं त्यांची पाळी संपते.

मी घरी आले आणि स्वयंपाकघरात नुसती बसून राहिले. मग मेश्रामांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? ते म्हणाले, अंदाज होता. मग मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तू इथे नीट झोपत होतीस. मला वाटलं, राहू दे."

लॉरेनला मी पवनीच्या विहिरीबद्दल सांगितलं ते त्यानंतर. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पण तुमचा तर रंग सगळ्यांचा सारखाच. मग ते तुम्हाला ओळखतात कसे?" मी म्हटलं, नावावरून, गल्लीवरून, आणि नाहीच कळलं तर विचारून. "म्हणजे इथे कुणाला ठाऊक नाही," ती म्हणाली. "मग सांगू नकोस. एकीला तरी सुखानं राहू दे."

उन्हाळा संपता संपता टेकडीवरचं जगणं अवघड होत गेलं. आरडाओरडा कुणीच केला नाही. दूधवाल्यानं सांगितलं की त्याच्या गाडीला टेकडीचा चढ झेपत नाही, आणि ती गाडी शेजारच्या बंगल्यापर्यंत रोज जात होती. क्लिफर्ड केस कापायला गेला की न्हाव्याचं दुकान बंद व्हायची वेळ झालेली असे. चर्चमध्ये ती दोघं एका रविवारी गेली, तर त्यांच्या बाकावरची माणसं शांतपणे उठून मागे जाऊन बसली. मिसेस ट्रिंबलना मी याबद्दल विचारलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मला त्या बिचारीचं वाईट वाटतं ग. पण कंपनीनं त्यांना इथे आणायलाच नको होतं. त्यांच्या माणसांत ती सुखी राहतील. तू वरचेवर तिकडे जातेस, लोक मला विचारतात. मी सांगते, ती परदेशी आहे, तिला कळत नाही."

ऑक्टोबरात कुणीतरी त्यांच्या खिडकीची काच फोडली. क्लिफर्डनं नवी बसवली. ती पण फुटली. तेव्हा त्यानं तिथे फळी ठोकली.

नोव्हेंबरच्या मध्यावर लॉरेनला ताप भरला. गावात डॉक्टर एकच, डॉक्टर रीस. क्लिफर्डनं फोन केला तर ते म्हणाले, नवे रोगी घेत नाही, शहरातल्या दवाखान्यात न्या. ती गाडीतून दीड तास जाण्याच्या अवस्थेत नव्हती. क्लिफर्डला पाळी सोडता येईना, कारण त्याची एक चूक शोधायला बरेच जण टपलेले होते. म्हणून दिवसा मी जाऊन बसू लागले. तिसऱ्या दिवशी तिला घाम येऊन ताप उतरला आणि तिनं माझ्या हातचा मऊ भात खाल्ला. मेश्राम आमची गाडी कामावर घेऊन गेले होते, म्हणून मी पायी आले होते. येताना पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होते, आणि माझा कोट भिजून जड झाला होता. मी निघाले तेव्हाही तो वाळला नव्हता.

"माझा घाल," लॉरेन अंथरुणातून म्हणाली. "आणि टोपी पण घे. तू आजारी पडलीस तर मला कोण भात घालील?"

तिचा तो गडद हिरवा कोट माझ्या घोट्यांपर्यंत आला. रस्त्यात चिखल होता म्हणून मी साडी आतून वर खोचून घेतली. बाहेर पडले तेव्हा पाच वाजायला आले असतील. तिकडे नोव्हेंबरात त्या वेळी दिवस मावळतोच. दिवे लागत होते.

उतार संपतो तिथे मागून एक गाडी आली. मालाची छोटी गाडी होती, तिचा वेग कमी झाल्याचं मला आवाजावरून कळलं. मला वाटलं, कुणी ओळखीचं असेल, घरी सोडतो म्हणेल. तसं नेहमी होई. मी वळले. आतून एक आवाज आला, "अजून इथेच का तू?" आणि काहीतरी माझ्या डाव्या भुवईवर येऊन फुटलं.

मी बेशुद्ध पडले नाही. पडले असते तर बरं झालं असतं. मी चिखलात बसले होते, तोंडावरून गरम काहीतरी वाहत होतं आणि डावीकडचं सगळं लाल झालं होतं. मांडीवर काचेचे तुकडे होते. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली होती. कोट सुटला होता आणि खोचलेली साडी पसरली होती. त्या साडीचे पिवळे काठ गाडीच्या मागच्या दिव्यात चमकत असले पाहिजेत, कारण कुणीतरी म्हणालं, "थांब. थांब रे. ही ती नाहीये."

मग एक मुलगा धावत आला. मी त्याला ओळखलं. तो डेल ह्यूबर, मिसेस ट्रिंबलच्या बहिणीचा मुलगा, एकोणीस-वीस वर्षांचा, कारखान्यात बाटल्या खोक्यात भरायचा. आदल्या नाताळात त्यानं आमच्या घरासमोरचा बर्फ उपसून दिला होता. तो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि रडायला लागला. "मिसेस मेश्राम, मिसेस मेश्राम, देवाशपथ, मला माहीत नव्हतं." त्यानं आपलं जाकीट काढून माझ्या कपाळाला दाबून धरलं, लहान मुलाला उचलावं तसं मला उचललं आणि मांडीवर घेऊन गाडीत बसला. वाटेत सारखा विचारत होता, फार दुखतंय का.

डॉक्टर रीस चपला घालून पायऱ्या उतरत धावत आले. फार मायेनं त्यांनी माझी जखम धुतली, टाके घातले, आणि डोळ्याला इथे इलाज नाही म्हणून स्वतःच्या गाडीतून मला आणि मेश्रामांना शहरातल्या रुग्णालयात नेलं. शहराचा रस्ता टेकडीच्या पायथ्यावरून जात होता. वाटेत लॉरेनच्या घराचा दिवा त्यांनाही दिसला असेल.

डोळा राहिला, नजर गेली. उजेड-अंधार तेवढा त्या डोळ्याला कळतो.

मी घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, चर्च सुटल्यावर ती माणसं माफी मागायला आली. ऑर्व्हिल आणि हेझल ट्रिंबल, चर्चचे पाद्री, आणि डेल. त्यांच्यामागून आणखी काही बायका आल्या, हातात झाकलेली भांडी घेऊन. आमचं टेबल खाण्यानं भरून गेलं. मिसेस ट्रिंबलनी माझ्या पट्टीला हात न लावता हवेतच हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. ते अश्रू खरे होते.

ऑर्व्हिल उभे राहून बोलले. गावाच्या वतीनं त्यांना फार लाज वाटतेय, असं म्हणाले. तीन वर्षांत आम्ही गावाला जीव लावला आणि गावानंही आम्हाला आपलं मानलं. इस्पितळाचा सगळा खर्च गाव करील. पोरगा वाईट नाही, माणूस ओळखण्यात घोटाळा झाला. मग त्यांनी डेलला पुढे केलं.

डेलनं टोपी दोन्ही हातांत धरली होती. तो म्हणाला, "मॅडम, मला माफ करा. तुम्ही आहात हे कळलं असतं तर मी कधीच मारलं नसतं. कोट तिचा होता."

पाद्र्यांनी मान हलवली. सगळ्या बायकांनी मान हलवली. खोलीत सगळ्यांना बरं वाटल्याचं माझ्या एका डोळ्यालाही दिसलं.

मेश्राम खिडकीशी उभे होते. आमच्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती आणि मी त्यांना कुणाला उलटून बोलताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "आणि ती असती तर?"

मिसेस ट्रिंबल उठल्या आणि बशा आणायला स्वयंपाकघरात गेल्या.

मी डेलला म्हटलं, "टेकडीवर जा. लॉरेनला सांग की बाटली तिला मारायची होती. आणि तिची माफी माग."

तो गोंधळला. त्यानं ऑर्व्हिलकडे पाहिलं, पाद्र्यांकडे पाहिलं. चेष्टा नव्हती त्याच्या चेहऱ्यावर. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"पण तिला तर लागलीच नाही," तो म्हणाला.

त्या आठवड्यातच गॅस्किन्स नवराबायको गेली. कंपनीनं क्लिफर्डला परत जुन्या कारखान्यात घ्यायचं कबूल केलं होतं, जुन्या हुद्द्यावर. लॉरेन निरोप घ्यायला दिवसाउजेडी आली, दारातून आत आली आणि माझ्याजवळ बसली. मी म्हटलं, तुझ्या कोटाचं वाटोळं झालं. ती म्हणाली, "तो विषय काढू नकोस." थोड्या वेळानं म्हणाली, "ती बाटली माझ्यासाठी होती, यमुना. तू मधे आलीस. मी तुला कोट दिला, त्याचं मला काय करायचं ते कळत नाही." मी तिचा हात धरला. बाहेर क्लिफर्डनं गाडी चालूच ठेवली होती.

ती गेल्यावर मी मेश्रामांना म्हटलं, मला तक्रार करायचीय. अमेरिकेत राहायची आमची परवानगी नोकरीवर अवलंबून होती, नोकरी गेली तर देश सोडावा लागला असता. ते मला नाही म्हणतील याची मी वाट पाहत होते. ते म्हणाले, "कर. तू नाही केलीस तर मी करणार होतो."

शेरीफनं, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या पोलिसप्रमुखानं, पहिल्या दिवशी लिहूनच घेतलं नाही. सगळं मिटलंय ना, म्हणाला. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, मग तिसऱ्या दिवशी. शेवटी त्यानं लिहून घेतलं. तक्रार नोंदली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मिसेस ट्रिंबल आमच्या बाजूचा पडदा ओढून घेऊ लागल्या. दुकानात मला हवं ते नेमकं संपलेलं असे. कारखान्यात मेश्रामांच्या टेबलाशी जेवायला कुणी बसेना. मी साडीतच होते, पण आता तिचा उपयोग नव्हता. मला ते सगळं ओळखीचं होतं. मी लहानपणापासून त्यात मुरलेली होते, त्यामुळे मी मोडले नाही. मेश्रामही मोडले नाहीत. आम्ही संध्याकाळी दार लावून मोठ्यानं मराठीत बोलायचो.

फेब्रुवारीत जिल्ह्याच्या गावी खटला उभा राहिला. लॉरेनला किंवा क्लिफर्डला कुणी बोलावलं नव्हतं. त्यांचा काय संबंध, असं सरकारी वकील म्हणाले. डेल कोट-टाय घालून आला होता. त्याच्या वकिलानं त्याला विचारलं, मिसेस मेश्राम यांच्याबद्दल तुझ्या मनात काही राग होता का? नाही साहेब, त्या फार चांगल्या बाई आहेत. मग बाटली का फेकलीस?

डेल ताठ उभा राहिला. त्याला शिकवून आणलेलं असावं, कारण तो सावकाश, एकेक शब्द तोडून बोलला. "साहेब, मला प्रामाणिकपणे असं वाटलं, की त्या मिसेस गॅस्किन्स आहेत."

हा त्याचा बचाव होता. त्या खोलीत बसलेल्या एकाही माणसाला तो गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला नाही. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. निकाल देताना ते म्हणाले की आरोपीच्या हातून झालेली चूक प्रामाणिक होती, त्याला पश्चात्ताप झालेला आहे, आणि तो जे समजत होता ते लक्षात घेता त्याचा हेतू तक्रारदार बाईंना इजा करण्याचा नव्हता. त्याला दंड झाला आणि वर्षभर नीट वागायची ताकीद मिळाली. मग माझ्याकडे वळून ते अगदी हळुवार आवाजात म्हणाले, या भागातल्या लोकांच्या मनात तुमच्याबद्दल आदरच आहे, तो तसाच राहील अशी मला खात्री वाटते.

मे महिन्यात मेश्रामांना ओहायोमध्ये टोलेडोच्या एका कारखान्यात काम मिळालं. सामान गाडीत भरून आम्ही निघालो, आणि सरळ टोलेडोला न जाता आधी उलट दिशेला, इंडियानापोलिसला गेलो. लॉरेन एका जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर राहत होती. क्लिफर्ड कामावर होता. तिनं मला पाहिलं आणि आधी माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवला, त्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं. मग कॉफी ठेवली.

मी तिला खटल्याचं सगळं सांगितलं. दंडाचं, ताकिदीचं. तिला त्यात काही नवीन वाटलं नाही, तिनं फक्त मान हलवली. मग मी डेलनं उभं राहून काय सांगितलं ते तिला सांगितलं.

ती कपात साखर घालत होती, ती थांबली.

"त्यानं काय म्हटलं? जसं म्हटलं तसं सांग."

"त्याला वाटलं, त्या मिसेस गॅस्किन्स आहेत."

"मिसेस गॅस्किन्स म्हणाला?"

"हो."

"सगळ्यांसमोर? न्यायाधीशासमोर?"

"हो. दोनदा म्हणाला. वकिलानं पुन्हा विचारलं तेव्हा परत तेच म्हणाला."

लॉरेन खुर्चीत मागे टेकली. खाली रस्त्यावर कुणाचातरी रेडिओ चालू होता.

"मी तिथे वसंतात गेले आणि थंडीत निघाले," ती म्हणाली. "दुकानदार मला लॉरेन म्हणायचा. पोस्टातली पोरगी, माझ्यापेक्षा कितीतरी लहान, ती लॉरेन म्हणायची. बाकीचे काहीच म्हणायचे नाहीत. मिसेस गॅस्किन्स मला त्या गावात एकदाही कुणी म्हटलं नाही."

तिनं साखर ढवळली आणि कप माझ्यापुढे सरकवला.